तांदळाच्या पोटाची बाहुली

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. पण माझ्याशी भातुकली खेळलेलं कुणीही तुम्हाला सापडणार नाही. माझं लग्न कुणी लावलं नाही, माझ्या वेण्या कुणी घातल्या नाहीत. मला केस नाहीतच. मी कामाची बाहुली. कामाच्या वस्तू लोक जपून ठेवतात असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्या डाव्या खांद्याकडे बघा. त्या खांद्यापायी काय काय घडलं, तेच सांगायला आज बसले आहे.

माझा जन्म पनवेलच्या एका आरोग्य केंद्रात, मागच्या खोलीत झाला. तिथे शशिकलामावशी बाळंतिणींसाठी पाणी तापवायच्या, चादरी धुवायच्या आणि सवड मिळाली की उसवलेल्या उशांना टाके घालायच्या. एक दिवस अरुंधती मॅडम त्यांच्याकडे आल्या. नव्या आईला बाळ अंगावर पाजायला मदत कशी करायची, हे त्या गावोगावच्या आशाताईंना शिकवायच्या.

“मावशी, मला एक बेबी शिवून द्या,” त्या म्हणाल्या. “दिसायला छान नसली तरी चालेल. पण हातात घेतल्यावर बाळ घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. मान सांभाळावी लागली पाहिजे.”

मावशींनी धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं आपलं एक सुती पातळ फाडलं. हातापायांत चिंध्या भरल्या. उचलून बघतात तर मी पिसासारखी. मग त्यांनी तांदळाची एक मोठी पुरचुंडी बांधली, माझ्या पोटात बसवली आणि वरून शिवून टाकलं. आता मी नुकत्या जन्मलेल्या बाळाइतकी भरले. डोळे भरताना मात्र काळा दोरा संपला. एक डोळा टपोरा झाला, दुसरा अर्धा मिटलेला राहिला. मावशींनी मला उंच धरलं आणि त्या हसत सुटल्या. “बघा मॅडम, कशी तिरकी बघते! हिचा माझ्यावरसुद्धा भरवसा नाही.”

त्या संपलेल्या दोऱ्याचा गुण म्हणा, पण संशय माझ्या अंगात तेव्हापासून शिवलेला आहे. जो मला उचले, त्याच्याकडे मी त्या बारीक डोळ्याने बघायची. हा मला पायाला धरून तर लोंबकळवणार नाही ना? ही माझ्यावर बसणार तर नाही ना? मित्रांनो, दोन्ही घडलं आहे.

पण ते दिवस माझे खरे सुखाचे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत सतरंजी पडायची. आशाताई चपला काढून गोल बसायच्या आणि मॅडम मला कुशीत घेऊन दाखवायच्या. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत हवं. पोटाला पोट लागलं पाहिजे. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की मगच त्याला छातीशी आणायचं. नुसतं टोक तोंडात गेलं तर आईला दुखतं आणि बाळ उपाशी राहतं. एवढं झाल्यावर मी हातोहात सगळ्यांच्या कुशीत फिरायची. इतक्या आयांची ऊब मिळालेली बाहुली दुसरी कुठे असेल?

त्यानंतरचा धडा अवघड होता. तो बोलण्याचा. एकीने आई व्हायचं, एकीने सासू आणि एकीने आशाताई. सासू व्हायला कुमुदताई सगळ्यांत पुढे. पदर खोचून त्या अशा बसायच्या की बघणारीला घाम फुटावा. “आमची पोरं काय बाहुल्या बघून वाढली काय गो? नायतर तुमी आताच्या पोरी!”

एकदा आशाताई व्हायची पाळी वेणूवर आली. वेणू नवीन होती, कामाला चोख, आणि स्वभावाने थेट माझ्यासारखी. ती आई झालेलीच्या समोर उभी राहिली आणि बोट रोखून म्हणाली, “बाळाला वरचं काय पाजत नाही ना? खरं सांगा!”

“वेणू,” अरुंधती मॅडम म्हणाल्या, “हे काउन्सेलिंग आहे की चौकशी? तुला पोलीस स्टेशनला पोस्टिंग देऊ का?”

सगळ्या खिदळल्या. वेणूचे कान लाल झाले. “पण मॅडम, बायका खोटं बोलतात ओ!”

“बोलतात ना. पण कोणाशी? जी आधीच खोटं धरून विचारते तिच्याशी. आधी बस. तिच्या बरोबरीने खाली बस. विचार, कसं चाललंय? आणि मग गप्प राहून ऐक.”

वेणूने मान हलवली. पण मी तिच्या मांडीवर होते. तिला ते मनापासून पटलेलं नव्हतं, हे मला तिच्या हातावरून कळलं. मलाही पटलं नव्हतं.

पुढे एका खोक्यातून रबराची बाहुली आली. गुबगुबीत, गुलाबी, डोळे उघडझाप करणारी. माझी रवानगी कपाटात झाली. तिथला काळोख, डांबरगोळ्यांचा वास आणि उंदराची खुडबुड. त्या उंदराला माझ्या पोटातल्या तांदळाचा सुगावा लागला असावा. पोटापर्यंत तो पोचला नाही, पण माझा डावा खांदा त्याने कुरतडला. कधीतरी कपाट आवरताना कुमुदताईंना माझा लोंबता हात दिसला. “आता तात्पुरतं राहू दे,” म्हणत त्यांनी पदराची पिन काढली आणि माझ्या खांद्यात खुपसली. मित्रांनो, या जगात तात्पुरतं लावलेलं जे असतं ना, ते काढायला कुणीच येत नाही.

एके दिवशी वेणूला घरभेटीसाठी बाहुली हवी होती. रबराची दुसरीकडे गेलेली. मॅडमनी तिला मला न्यायला सांगितलं. कापडी पिशवीत बसून मी पुन्हा कामावर निघाले. आनंद झाला होता, पण पिन टोचत होती.

आपटा गावाच्या वाटेवरच्या एका खेड्यात आम्ही गेलो. जमिनी विकून आलेल्या पैशांतून बांधलेला तीन मजली बंगला, दारात दोन डंपर, आत आरशासारख्या फरश्या. डंपरवाला हरेश त्या घरचा मुलगा. त्याची बायको दिपिका पनवेल शहरात वाढलेली, नुकतीच बाळंत झालेली. आणि घरावर सत्ता हरेशच्या आईची, हौसाबायची. त्या वेळी हौसाबाय मागच्या अंगणात कोळणीशी मासळीचा भाव करत होत्या. त्यांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता.

वेणूने बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. मला पिशवीतून काढून तिने सगळं नीट करून दाखवलं. आणि शेवटी जे व्हायला नको तेच झालं. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, “बाळाला वरचं काही देत नाहीस ना? खरं सांग.”

“नाही,” दिपिका म्हणाली. फार पटकन म्हणाली. मी माझा बारीक डोळा तिच्यावर रोखला. मग ती हळूच म्हणाली, “ताई, ही डॉल ठेवता का माझ्याकडे? मी प्रॅक्टिस करते. पण आईंना नका सांगू. हसतील मला.”

वेणूने मला ठेवलं. दिपिकाने पिशवी बाळाच्या लंगोटांच्या मागे, कपाटात खोल सारली. वेणू जिना उतरली तेव्हा हौसाबाय खालीच उभ्या होत्या. “दार लावून काय चाललंवतं गो बाय?” त्यांनी विचारलं. “काय नाय, बोलत होतो,” वेणू म्हणाली आणि निघून गेली. त्या उत्तराने काय पेरलं, ते तिला कळलं नाही.

आता पिशवीत मला दिसेना, फक्त ऐकू यायचं. आणि जे ऐकू आलं त्याने माझा संशय दूध उतू जावं तसा वर आला. बाळ रडायचं. मग वाटीवर चमचा वाजायचा, टिंग, टिंग. आणि रडणं एकदम थांबायचं. मी मनात म्हटलं, हौसाबाय! सून झोपली की ही म्हातारी येऊन काहीतरी पाजते. त्यात दुपारी पाळणा कुरकुरायचा आणि त्यांचं पुटपुटणं चालायचं, एकाच सुरात, मंत्र म्हटल्यासारखं. शब्द कळायचे नाहीत. नक्की काहीतरी वाईट आहे, असं मी पक्कं ठरवून टाकलं.

वेणू पुन्हा आली तेव्हा बाळ सुकल्यासारखं दिसतंय, असं तिच्या तोंडून ऐकलं. माझ्यासारखाच तिचाही संशय हौसाबायवर. जाता जाता ती दिपिकाला म्हणाली, “सासूवर लक्ष ठेव.” आणि खाली स्वयंपाकघरात हौसाबाय हरेशला सांगत होत्या, ते वरपर्यंत ऐकू आलं, “ती आशा घरात आल्यापासून पोर सुकलाय. तिची पावलंच बरी नाय.” संशयाचं असंच असतं, मित्रांनो. त्याला जिन्यावरून ये-जा करायला वेळ लागत नाही.

बारसं पुढे ढकललं गेलं. एका सकाळी हौसाबाय बाळाची दृष्ट काढायला म्हणून जुनं धडुतं शोधत होत्या. त्यांचा हात लंगोटांच्या मागे गेला आणि पिशवीला लागला.

उजेड पडला. मला दिसला त्यांचा चेहरा, आणि त्यांना दिसली मी. कापडाची, एक डोळा मिटलेली, खांद्यात पिन टोचलेली.

“अगो आई!” त्या किंचाळल्या. “करणी! माझ्या नातवाच्या कपड्यांत करणी ठेवलीय कोणीतरी!”

मला फेकून देण्यासाठी त्यांनी उचललं आणि त्यांचा हात थबकला. चिंध्यांची बाहुली इतकी जड कशी? त्यांनी दुसऱ्या हाताने पाळण्यातलं बाळ उचललं. एका हातावर मी, एका हातावर त्यांचा नातू. त्यांनी आम्हा दोघांना जोखलं, एकदा, पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“हरेश! अरे धाव रे! पोर सुकतोय आणि ही भरतेय. याचं वजन हिच्यात जातंय!”

शेजारच्या बाया जमल्या. हरेशने फोन करून वेणूला बोलावलं. ती आली तर ओटीवर मला मधोमध ठेवलेलं, आणि सगळे माझ्यापासून लांब.

“ही कोणाची?” हौसाबायनी विचारलं.

“माझी,” वेणू म्हणाली. “शिकवायची बाहुली आहे ती.”

“शिकवायची? मग लपवली कशाला? पिन कला टोचली? पोटात काय हाय हिच्या?”

वेणूने दिपिकाकडे पाहिलं. दिपिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती, खाली बघत.  बोल ना गं, मी मनात म्हणत होते, तूच ठेवून घेतलंस ना मला! पण बाहुलीचं कोण ऐकणार.

हौसाबायनी आतून विळी आणली. मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगते. शशिकलामावशींचे टाके पक्के होते, पण पात्यापुढे किती टिकणार! पोट उसवलं आणि तांदूळ फरशीवर सांडले. सरसर, पांढरेशुभ्र, पार उंबऱ्यापर्यंत.

“तांदूळ!” बाया मागे सरकल्या. “आता बोल म्हणावं!”

 वेणूचं बोट वर आलं, थेट हौसाबायकडे. “तुम्हीच चोरून त्या पोराला…” एवढं ती म्हणाली आणि थांबली. तिची नजर माझ्यावर गेली होती. मी रिकामी, चपटी, फरशीवर. तिला काय आठवलं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच आठवत होतं. वरच्या मजल्यावरची सतरंजी, गोल बसलेल्या बाया. तिचं बोट खाली आलं. मग ती हौसाबायच्या बरोबरीने फरशीवर, त्या तांदळातच मांडी घालून बसली.

“हौसाबाय,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला कसली भीती वाटतेय?”

कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. हौसाबायचं तोंड भांडायला उघडलं होतं ते तसंच राहिलं. वेणू पुढे काही बोलली नाही. नुसती बसून राहिली.  मग हौसाबायचा हात तांदळात गेला आणि त्या दाणे चाळवत राहिल्या.

“हरेशच्या आधी पोर झालीवती मला,” त्या म्हणाल्या. “मी तवा उरणच्या बाजूला, मिठागरात. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभी. सासू बोलली, तुझं दूध खारट झालंय, पोरीला पाजू नको. मी पण खरं मानलं. छाती भरून यायची, दगडासारखी दुखायची, मी आगराच्या बांधावर दूध पिळून टाकायची. आणि पोर घरी तांदळाच्या पेजेच्या पाण्यावर.” त्यांनी मूठ उघडली. दाणे पडले. “अशीच हलकी होत गेली ती. हातावर घेतली की कळायचं. आता हा पण तसाच लागतोय हाताला.”

आणि मग त्यांच्या तोंडून तेच पुटपुटणं आलं, जे मी पिशवीत ऐकत होते. या वेळी मला शब्द कळले.

“पाण्याचं गं मीठ झालं, आगरात उभी राहून,
तान्ह्याचं गं पाणी झालं, माझी वाट पाहून.”

मंत्र नव्हता तो, मित्रांनो. पाळण्याशी बसून त्या आपल्या गेलेल्या लेकीला हाक मारत होत्या. मला माझ्या बारीक डोळ्याची लाज वाटली.

वेणू फक्त “हं” म्हणाली. तेवढ्यात चौकटीपाशी हुंदका फुटला.

“आई, बाहुली मीच ठेवून घेतली,” दिपिका म्हणाली. “आणि वरचं दूधही मीच देते. चमच्याने. डब्याची पावडर, खूप पाणी घालून, पुरावी म्हणून. ताई, मला इतकं दुखतं ना! चिरा पडल्यात. बाळ तोंड लावतं आणि सोडून रडतं. मला वाटलं, मला दूधच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा… तुम्ही असं विचारलंत, की मला हो म्हणताच येईना.”

टिंग, टिंग. म्हणजे तो चमचा वाजवणारी सूनच होती! वेणूने मान खाली घातली. मग वर केली. “माझं विचारायचं चुकलं गं,” ती म्हणाली. “आता बघू का, बाळाला कसं घेतेस ते?”

वेणू दिपिकाला आणि मला घेऊन वर खोलीत आली, मागोमाग शेजारच्या बायाही; तशा हौसाबाय वळल्या. “चला गो, निघा सगळ्या! बाळंतिणीची खोली हाय, तमाशा नाय!” बायांना त्यांनी बाहेर काढलं आणि स्वतः दिपिकाच्या पाठीशी उशी लावली.

बाळाच्या तोंडात नुसतं टोक जात होतं. वेणूने मला उचललं, पोट रिकामं आणि हात लोंबता, तरी उचललं. पोटाला पोट कसं लावायचं ते माझ्यावर दाखवलं. दिपिकाने बाळाला तसं वळवलं. आ होईपर्यंत थांबली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा बाळ रागावलं. हौसाबाय म्हणाल्या, “दम धर गो, तो पण नवीनच हाय ना.” आणि मग त्याने मोठा आ केला, दिपिकाने त्याला जवळ घेतलं, आणि खोलीत एक नवा आवाज आला. गुटुक. थोडं थांबून पुन्हा, गुटुक.

“दुखतंय का?” वेणूने विचारलं.

दिपिका रडत होती आणि मान नाही म्हणून हलवत होती.

त्याच दिवशी हरेश बाळाला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, पातळ पावडरीमुळे वजन घटल्याचं सांगितलं, आणि अंगावर वरचेवर पाजून वजनाला आणत राहायला बजावलं. वेणू आता रोज यायची. येताच आधी बसायची.

आणि मी? हौसाबायनी फरशीवरचा तांदूळ सुपात गोळा केला, पाखडला, त्यात स्वतःची एक मूठ भर घातली. नवी पुरचुंडी माझ्या पोटात बसली. त्यांनी माझ्या खांद्यातली पिन काढून वेणूच्या हातावर ठेवली. “ही तुझी तू सांभाळ.” मग चष्मा लावून दुहेरी दोऱ्याने त्यांनी माझा खांदा आणि पोट शिवलं. बघा, हाच तो खांदा. वेणू म्हणाली, “डोळा पण पुरा करा ना तिचा.” हौसाबायनी मला तोंडासमोर धरलं, बराच वेळ बघितलं. “राहू दे बारीक. घरोघरी जायची हाय ती. नजर ठेवायला एक डोळा पायजे. दुसरा पुरा हाय की, माया करायला.”

मग बारशाचा दिवस उजाडला. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, त्याला कुंची घालून, बाळासारखा सजवून. शेजारणीने वरवंटा धुऊन आणला. हौसाबाय म्हणाल्या, “ठेव तो. ही हाय ना.” ज्या बाया माझ्यापासून मागे सरकल्या होत्या, त्यांच्याच हातांतून मी पाळण्याच्या वरून खालून फिरले. कुंचीत गुंडाळलेली, गालाला काजळाचा ठिपका लावलेली. मग बाळाची पाळी आली. त्याचं नाव राजस ठेवलं. पाळण्यात घालण्याआधी हौसाबायनी पुन्हा तसंच केलं. एका हातावर मी, दुसऱ्या हातावर तो. जोखलं, एकदा, पुन्हा एकदा.

आणि त्या दात नसलेलं हसू हसल्या. “अगो बाहुले, तू हलकी झालीस की!”

माझ्या पोटात तर एक मूठ तांदूळ जास्तच होता, मित्रांनो. पण कुणीतरी हलकं म्हटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता मी वेणूच्या पिशवीत असते. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं. कुणावर संशय आला तर खुशाल विचारा. पण विचारण्याआधी त्याच्याजवळ खाली बसा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि कपाटात कुणाचा खांदा उसवलेला दिसला, तर पिन शोधू नका. दोरा ओवा.